मुंबईच्या सागवानाची 'वेलस्ली'

शिरूर आणि दौंड हीं पुणें जिल्ह्याच्या पूर्व अंगाचीं गांवें समुद्रापासून पुष्कळ दूर आहेत. शिरूर घोडनदीच्या कांठीं, दौंड भीमेच्या कांठीं. आणि या दोन्ही नद्यांचें पाणीसुद्धां मुंबईकडे न वळतां कृष्णेला मिळून पूर्वसमुद्राकडे जातें. अशा गांवच्या मनुष्यानें इंग्रजांच्या लढाऊ जहाजाची कथा ऐकून काय करावें, अशी शंका कोणीहि घेईल. परंतु ज्या जहाजाची हकीकत येथें सांगावयाची आहे, त्याचें नांव ज्या सेनापतीवरून पडलें त्याच्या घोड्याच्या टापा या मुलुखांत वाजलेल्या आहेत. त्याचें लांकूड मलबारच्या रानांतलें, त्याला आकार देणारे हात मुंबईच्या सुतारांचे, आणि त्याच्या तोफांच्या आश्रयानें जी पलटण परक्या किनाऱ्यावर उतरली, ती एके काळीं शिरूरच्या छावणींत राहिलेली. त्या जहाजाचें नांव 'वेलस्ली'.

नांवापासूनच आरंभ करूं. दुसऱ्या बाजीरावानें ३१ डिसेंबर १८०२ रोजीं वसईचा तह करून इंग्रजांचा आश्रय घेतला, आणि त्याला गादीवर पुन्हां बसविण्यासाठीं जनरल आर्थर वेलस्ली हा २० एप्रिल १८०३ रोजीं पुण्यास येऊन पोहोंचला. त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत त्यानें नगरचा किल्ला घेतला व २३ सप्टेंबरला असईच्या मैदानांत शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा मोड केला. हाच पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगाला माहीत झाला. तहाप्रमाणें पेशव्यांच्या दौलतींत ठेवलेल्या इंग्रजी तैनाती फौजेची छावणी शिरूर येथें पडली. असईला वेलस्लीच्या हाताखालीं लढलेला कर्नल विल्यम वॉलेस याच छावणीचा मुख्य असतां १८०९ सालीं शिरूरास वारला. त्याचें थडगें तेथें आहे. आणि आसपासचे शेतकरी त्याला 'सत्पुरुष' मानून सुगीच्या वेळीं नव्या धान्याचा नैवेद्य तेथें आणतात, अशी नोंद जुन्या सरकारी गॅझेटियरमध्यें आढळते. जनरलाचें नांव जहाजावर चढून सातां समुद्रांवर गेलें, आणि त्याच्या कर्नलाला शिरूरकरांनीं देवपण दिलें. दोघांपैकीं अधिक कोणाला मिळालें, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

आतां जहाजाकडे वळूं. त्या काळीं समुद्रावरील मोठ्या लढाईची रीत ठरलेली असे. दोन्ही पक्षांचीं मोठालीं जहाजें एकामागें एक अशी रांग धरून समोरासमोर येत, आणि एका बाजूच्या सगळ्या तोफा एकदम डागीत. या रांगेंत उभें राहण्याइतकें जें मजबूत, तेंच खरें लढाऊ जहाज. बाकीचीं जहाजें टेहळणी करण्यासाठीं, निरोप नेण्यासाठीं किंवा व्यापारी गलबतांच्या राखणीसाठीं. रांगेंतल्या जहाजांतहि चौऱ्याहत्तर तोफांचें जहाज सर्वांत सोयीचें ठरलेलें होतें. त्याहून मोठें जहाज जड व महाग पडे, लहान जहाज माऱ्याला टिकत नसे. 'वेलस्ली' हें अशाच चौऱ्याहत्तर तोफांचें जहाज होतें. लांबी सुमारें १७६ फूट, रुंदी सुमारें ४८ फूट. खालच्या मजल्यावर ३२ रत्तल वजनाचा लोखंडी गोळा फेकणाऱ्या तोफा, त्यांतील एकेक तोफ पाऊणतीन टनांच्या आसपास. वरच्या मजल्यावर त्यांहून हलक्या. एवढें ओझें, शिवाय सुमारें सहाशें माणसें, त्यांचें अन्नपाणी, दारूगोळा, तीन डोलकाठ्या आणि एकरभर शिडें. एखादा दुचौकी वाडा तोफांसकट पाण्यावर तरंगावा, तसाच तो प्रकार म्हणावयाचा.

असें जहाज इंग्लंडांत न बांधतां मुंबईस कां बांधलें? कारण इंग्लंडांतलें ओकचें लांकूड सरत चाललें होतें. एक मोठें जहाज म्हणजे हजारों जुन्या वृक्षांचा संहार. आणि नेपोलियनशीं चाललेल्या युद्धांत जहाजें तर वर्षानुवर्षें हवींच होतीं. तेव्हां विलायत सरकारची दृष्टि मलबारच्या सागाकडे गेली. ओकमध्यें एक प्रकारचें आम्ल असतें. त्यानें लोखंडी खिळे गंजून सैल होतात आणि सांधे उघडतात. सागांत उलट तेलाचा अंश असतो, तो लोखंडाला सांभाळतो व वाळवीलाहि दूर ठेवतो. शिवाय तोफेचा गोळा बसला असतां ओकच्या ढलप्या उडून जितकीं माणसें घायाळ होत, तितकीं सागाच्या ढलप्यांनीं होत नसत. शेतकऱ्याला हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. सागाचें तुळवट आजोबानें घातलें तर नातवाच्या हयातींत तें बदलावें लागत नाहीं, हें तो जाणतोच. मात्र या सागापायीं मलबारांत काय झालें, तेंहि सांगितलें पाहिजे. १८०६ सालीं कॅप्टन वॉटसन नांवाचा अंमलदार रानांचा रक्षक म्हणून नेमला गेला, आणि सागाची तोड व विक्री यांचा मक्ता कंपनीनें आपल्या हातीं घेतला. तेथील जमीनदार व लांकूडव्यापारी यांची त्यानें इतकी नाडणूक झाली कीं, १८२३ सालीं ती व्यवस्था मोडावी लागली.

मुंबईच्या गोदीचा कारभार वाडिया घराण्याकडे होता. या घराण्याचा मूळ पुरुष लवजी नसरवानजी हा १७३६ सालीं सुरतेहून मुंबईस आला, आणि त्याच्या पिढ्यांनीं पुढें जवळजवळ दीडशें वर्षें मुख्य सुताराचें काम केलें. लवजीचा नातू जमशेटजी बमनजी यानें १८१० सालीं 'मिंडन' हें चौऱ्याहत्तर तोफांचें जहाज पाण्यांत सोडलें. विलायतेबाहेर इंग्रज आरमारासाठीं एवढें मोठें जहाज एका हिंदी कारागिरानें स्वतःच्या देखरेखीखालीं बांधावें, ही गोष्ट त्या वेळीं विलक्षण होती. पुढें १८१३ सालीं त्यानें 'कॉर्नवॉलिस' बांधलें. जमशेटजीनें विलायत कधीं पाहिली नाहीं. नवें जहाज धरतांना वाडिया मंडळी तळकण्यांत चांदीचा खिळा ठोकून धर्मविधि करीत. कोंकणी नावाडी या तळकण्याला पठाण म्हणतात.

येथें थोडें विषयांतर क्षम्य ठरेल. जहाजें बांधण्याची विद्या या किनाऱ्याला नवी नव्हती. आंग्र्यांचीं गुराबें व गलबतें याच सागाचीं होतीं, आणि त्यांनीं इंग्रजांची झोंप अनेक वर्षें उडविली होती. तें आरमार १७५६ सालीं विजयदुर्गाच्या खाडींत जळून खाक झालें; आणि त्या मोहिमेंत इंग्रजांचा दोस्त कोण होता, तर खुद्द पेशवा. आपल्या घरांतील तंटा मिटविण्यासाठीं शेजाऱ्याला बोलावून घराचें तुळवटच काढून द्यावें, तसें तें झालें. त्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर मोठीं लढाऊ जहाजें बांधण्याचें काम उरलें तें मुंबईच्या गोदींत. आणि ती गोदी कोणाच्या मालकीची होती, हें सांगावयास नको.

'वेलस्ली'चे नकाशे मुंबईस कधीं पोहोंचलेच नाहींत. ते 'जावा' नांवाच्या जहाजांतून येत असतां डिसेंबर १८१२ मध्यें ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' या जहाजानें 'जावा'ला गांठलें व त्याचा पराभव केला. नकाशे गेले. दुसरे मागवावेत तर जातांयेतां वर्ष मोडणार. तेव्हां जमशेटजीनें नुकत्याच बांधलेल्या 'कॉर्नवॉलिस'च्या बेतावरच हें दुसरें जहाज उतरविलें. मूळ योजना एका जातीच्या जहाजाची, आणि बांधलें गेलें दुसऱ्या जातीचें. पण हातखंडा कारागिराला अशा गोष्टीनें अडत नाहीं. २४ फेब्रुवारी १८१५ रोजीं 'वेलस्ली' मुंबईच्या पाण्यांत उतरलें. योगायोग असा कीं, त्यानंतर दोनच दिवसांनीं नेपोलियन एल्बा बेटांतून निसटला आणि जूनमध्यें वॉटर्लू येथें त्याचा अखेरचा पराभव झाला. तो करणारा पुन्हां वेलस्लीच. ज्या युद्धासाठीं जहाज बांधावयास घेतलें, तें युद्ध जहाज विलायतेस पोहोंचण्यापूर्वींच संपलें.

त्यामुळें पहिल्या वीस वर्षांत या जहाजाला सांगण्यासारखें काम पडलें नाहीं. १८२५ सालीं इंग्लंडचा वकील सर चार्ल्स स्ट्युअर्ट याला ब्राझीलला नेऊन पोहोंचविणें, अशा प्रकारचीं कामें त्यानें केलीं. खरें युद्धकार्य सुरू झालें तें १८३७ नंतर, रिअर ॲडमिरल सर फ्रेडरिक मेटलंड याचें निशाण त्यावर चढल्यावर. हा मेटलंड म्हणजे ज्याच्या जहाजावर जाऊन नेपोलियननें १८१५ सालीं आपण होऊन शरणागति पत्करली, तोच. पूर्वेकडील समुद्राचा मुख्य म्हणून तो आला, आणि 'वेलस्ली' आपल्या जन्मस्थानीं परत आलें.

त्या वेळीं इंग्रजांची अफगाणिस्तानावर स्वारी चालली होती. सैन्याला रसद उतरविण्यासाठीं सिंधच्या किनाऱ्यावर बंदर हवें होतें, आणि कराची तालपूर मीरांच्या ताब्यांत होतें. फेब्रुवारी १८३९ च्या आरंभीं 'वेलस्ली' कराचीसमोर उभें राहिलें. बंदराच्या तोंडाशीं मनोरा नांवाचा लहानसा किल्ला आहे. किल्ला खालीं करण्यास तेथील किल्लेदारानें नकार दिला. किल्ल्यावरून एक तोफ उडाली. ती सलामीची कीं लढाईची, याविषयीं पुढें वाद झाला. 'वेलस्ली'नें उत्तरादाखल एका बाजूच्या सर्व तोफा डागल्या, आणि थोड्याच वेळांत समुद्राकडील तट कोसळला. धूर निवळल्यावर पाहतात तों आंत मूठभर माणसें. दुसऱ्या दिवशीं, ३ फेब्रुवारीला, कराची इंग्रजांच्या हवालीं झाली. पुढें लाखो वस्तीचें जें शहर झालें, त्यावर इंग्रजी निशाण चढण्याला एवढाच वेळ लागला.

या स्वारींत ब्रिगेडियर व्हॅलियंट याच्या हाताखालीं गोऱ्यांची चाळीसावी पलटण होती, आणि मुंबई सैन्याची दुसरी ग्रेनेडियर पलटण होती. शिरूरच्या श्रोत्यांनीं या दुसऱ्या पलटणीकडे लक्ष द्यावें. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्रीं कॅप्टन स्टाँटन ज्या सुमारें पांचशें शिपायांना घेऊन शिरूरच्या छावणींतून निघाला आणि दुसऱ्या दिवशीं कोरेगांव येथें भीमेच्या कांठीं पेशव्यांच्या फौजेशीं दिवसभर लढला, ती पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन. त्या लढाईबद्दल तिला ग्रेनेडियर हा मान मिळाला, आणि १८२४ च्या नव्या रचनेंत तीच दुसरी ग्रेनेडियर पलटण झाली. तींत पुष्कळ महार शिपाई होते, हें कोरेगांवच्या स्तंभावरील नांवांवरून दिसतें. लढाईला एकवीस वर्षें उलटलीं होतीं, तेव्हां कराचीला उतरलेले शिपाई बहुतेक नव्या पिढीचे. पण निशाण तेंच. ज्या जनरलानें शिरूरची वाट इंग्रजांना खुली केली त्याच्या नांवाचें जहाज, आणि शिरूरच्या छावणींतून नांवारूपास आलेली पलटण, यांची अशी गांठ सिंधच्या वाळूंत पडली. जहाजाचा साग येथला, शिपाई येथले. ज्याच्यासाठीं हें चाललें तो मात्र येथला नव्हता.

त्याच वर्षीं ३० नोव्हेंबरला ॲडमिरल मेटलंड याच जहाजावर मुंबईच्या किनाऱ्याजवळ वारला व त्याला मुंबईंत मूठमाती देण्यांत आली.

यानंतरचें युद्ध चीनचें. हें युद्ध अफूचें होतें, आणि त्यांत मुंबईचा हात गोदीपुरताच नव्हता. चीनमध्यें अफूच्या आयातीला बंदी होती. तरी हिंदुस्थानांतून हजारों पेट्या दरसाल तिकडे चोरून जात. कांहीं अफू बंगालची, कंपनीच्या मक्त्याची, बाकीची माळव्यांतली. ही माळवी अफू जकात भरून मुंबईच्या बंदरांतून जहाजांवर चढे. या धंद्यांत इंग्रज, पारशी, गुजराथी, मारवाडी असे सर्व तऱ्हेचे व्यापारी होते. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या संपत्तीचा एक मोठा भाग चीनच्या या व्यापारांतून आलेला होता. (वर सांगितलेले गोदीचे जमशेटजी बमनजी वेगळे, ते १८२१ सालींच वारले.) जिजीभाईंच्या देणगीनें मुंबईचें इस्पितळ झालें, पुण्याला मुळा-मुठेवर बंधारा झाला. त्या बंधाऱ्यावरून वाहणारें पाणी पुढें भीमेला मिळून दौंडावरून जातें. दानाचें पुण्य कोणी नाकारूं नये. परंतु पैसा कोठून आला हें विसरूंहि नये.

१८३९ च्या जून महिन्यांत चीनच्या बादशहाचा कमिशनर लिन झेशू यानें वीस हजारांहून अधिक पेट्या अफू ताब्यांत घेऊन ती नष्ट केली. इंग्लंडनें याचा सूड घेण्याचें ठरविलें. कमोडोर सर गॉर्डन ब्रेमर याचें निशाण लावून 'वेलस्ली' चीनकडे निघालें, आणि ५ जुलै १८४० रोजीं चुसान बेटावरील टिंगहाई शहरासमोर त्याच्या तोफा सुटल्या. चिनी जंगी होड्या व किनाऱ्यावरील मोर्चे यांचा निकाल कांहीं मिनिटांतच लागला. २६ फेब्रुवारी १८४१ ला कँटनच्या नदीच्या मुखावरील बोग येथील किल्ल्यांवर हल्ला झाला. तेथेंहि 'वेलस्ली' होतें. २६ ऑगस्टला अमॉय बंदराच्या लांबच लांब दगडी तटासमोर तें आणि 'ब्लेनहाइम' अगदीं जवळ जाऊन नांगरलीं व तासन् तास गोळे फेकीत राहिलीं. तट इतका भक्कम कीं गोळ्यांनीं तो फारसा फुटला नाहीं. अखेर शिपाई किनाऱ्यावर उतरवून बाजूनें आंत शिरावें लागलें. ऑक्टोबरमध्यें चुसान पुन्हां घेतलें.

चिनी शिपाई भ्याड होते म्हणून हरले, असें त्या वेळच्या इंग्रजी लेखकांनींहि म्हटलेलें नाहीं. त्यांच्या तोफा भिंतींत पक्क्या बसविलेल्या असत. त्या इकडेतिकडे फिरवितां येत नसत. जहाज एकदां त्यांच्या तोंडासमोरून सरकलें कीं त्या निकामी. उलट जहाज म्हणजे चालता किल्ला; वाटेल तेथें उभा राहून वाटेल तिकडे तोंड करणारा. तरी चिनी गोळे लागले नाहींत असें नाहीं. युद्धाच्या अखेरीस 'वेलस्ली'च्या अंगांत सत्तावीस गोळे रुतलेले होते. मलबारच्या सागानें ते पोटांत घेतले आणि जहाज तरंगत राहिलें. २९ ऑगस्ट १८४२ रोजीं नानकिंगचा तह झाला, हाँगकाँग कायमचें इंग्रजांकडे गेलें. आणि ज्या जहाजावर त्या तहावर सह्या झाल्या तें 'कॉर्नवॉलिस', म्हणजे 'वेलस्ली'चें मुंबईंतच जन्मलेलें थोरलें भावंड.

या युद्धांतच शिडांच्या जहाजांचा अस्तकाळ दिसूं लागला होता. कंपनीची 'नेमेसिस' ही लोखंडी आगबोट उथळ नद्यांतून बेधडक वर जाई, आणि वारा पडला म्हणजे मोठाल्या सागवानी जहाजांना आगबोटींनीं ओढून न्यावें लागे. १८४८ ते १८५१ या काळांत अर्ल ऑफ डंडोनल्ड या प्रसिद्ध ॲडमिरलाचें निशाण 'वेलस्ली'वर अमेरिकेच्या किनाऱ्याला फडकलें. तेंच त्याचें शेवटचें मोठें काम. पुढें चॅथम बंदरांत राखणीला उभें राहणें, आणि १८६८ पासून तर टेम्स नदींत नांगरून पडणें. 'कॉर्नवॉल' असें नवें नांव देऊन त्याच्यावर सुधारगृहाची शाळा भरविण्यांत आली. लंडनच्या न्यायाधीशांनीं शिक्षा दिलेलीं मुलें तेथें दोरखंड, शिडें व शिस्त शिकत. दौंडहून मनमाडकडे १८७८ सालीं आगगाडी सुरू झाली, त्या वेळीं या शाळेला दहा वर्षें झालीं होतीं. आणि ती शाळा त्यानंतरहि साठ वर्षांवर त्याच सागवानी पोटांत भरत राहिली.

शेवट आला तो आकाशांतून. १९४० सालच्या सप्टेंबरांत जर्मन विमानें लंडनवर रोज बाँब टाकीत होतीं. ग्रेव्हसेंडजवळ नदींत उभ्या असलेल्या या वृद्ध जहाजाला २४ सप्टेंबर रोजीं बाँबचा मार बसला आणि तें बुडालें. शिडांच्या काळांतील ब्रिटिश लढाऊ जहाजांपैकीं शत्रूच्या माऱ्यानें बुडालेलें हें अखेरचें, आणि विमानाच्या हल्ल्यानें बुडालेलें एकमेव. त्याला जमशेटजीनें पाण्यांत सोडल्यास सव्वाशें वर्षें होऊन गेलीं होतीं.

१९४८ सालीं तें वर काढून मोडण्यांत आलें. तें मोडतांना निघालेलें कांहीं लांकूड लंडनच्या वरिष्ठ न्यायमंदिराच्या दुरुस्तीला वापरलें गेलें, कारण मलबारचा साग अजून कामाला योग्य होता. जहाजाच्या नाळेवरील लांकडी पुतळा चॅथमच्या जुन्या गोदींत जपून ठेवला आहे. त्याच गोदींत वाडिया घराण्यांतील जहांगीर नवरोजी व हिरजीभाई मेरवानजी हे दोघे तरुण १८३८ सालीं विलायतेस जाऊन जहाजबांधणी शिकले होते. जमशेटजीच्या हातच्या कामापैकीं एक जहाज मात्र अद्याप पाण्यावर आहे. १८१७ सालीं मुंबईंत बांधलेलें 'त्रिंकोमाली' इंग्लंडांत हार्टलपूल येथें लोकांना पाहण्यासाठीं उभें केलेलें आहे.